बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या फायली: प्रकल्प नोंदी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, खाडीच्या तोंडाशी आमचं बंदर आहे. इथून स्वातंत्र्याच्या आधीपासून एक साप्ताहिक निघत होतं. चार पानं, घरच्याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली. गिरणी संपानंतर काही वर्षांनी ते थांबलं. त्याचा इतिहास लिहायचं आमच्या वाचनालयाने ठरवलं आणि मी तिथेच काम करते म्हणून ते माझ्याकडे आलं. पत्राचं आणि घराण्याचं नाव इथे देत नाही, कारण सगळ्या वारसांची लेखी संमती अजून हातात नाही. ज्यांच्या गावात असंच एखादं पत्र माळ्यावर पडून असेल, त्यांच्या उपयोगासाठी हे लिहून ठेवते आहे.

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळी झाली, हवा कोरडी पडायला लागली, म्हणून आज संपादकांच्या घरचा माळा उघडला. दोन पत्र्याच्या ट्रंका आणि खताच्या रिकाम्या गोणींत कोंबलेले सुटे अंक. ट्रंकांतल्या फायली वर्षवार शिवलेल्या, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या. गोणींतले अंक ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडाली तेव्हा भिजलेले आणि भिजले तसेच सुकलेले. काहींच्या विटा झाल्या आहेत.

घरच्या सूनबाई म्हणाल्या, "अंगणात उन्हात घालूया, दोन दिवसांत खडखडीत होतील." उन्हात घातले नाहीत. बातमीपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात लिग्निन राहतं. ऊन लागलं की पान पिवळं पडतं आणि घडीवर तुटतं. माजघरात कोऱ्या कागदावर पसरले आणि पंखा अंकांकडे न करता भिंतीकडे वळवून ठेवला. विटा झालेली पानं सुरीने सोडवू गेलं तर वरच्या पानाची शाई खालच्या पानावर राहते, हे पहिल्याच कोपऱ्यावर दिसलं. तो गठ्ठा कापडात बांधून बाजूला ठेवला.

काहीही हलवण्याआधी ट्रंकेतला क्रम वरून खाली फोटो काढत लिहून घेतला. कोणती फाइल कशाखाली होती, मध्ये कोणती चिठ्ठी होती, सगळं. हे काम कंटाळवाणं आहे, पण करायचंच. एकदा क्रम मोडला की तो परत मिळत नाही.

१९ नोव्हेंबर

ट्रंकांत कसर निघाली. पुठ्ठ्याच्या खळीवरच तिची वाढ होते. डांबरगोळ्या ठेवल्याने कसर दूर राहते, आत असलेली मरत नाही. विषारी फवारा कागदावर नको होता. उपाय थंडीचा: प्रत्येक फाइल जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे अठरा-वीस अंशांत दोन आठवडे.

बंदरावर मासळीचे मोठे फ्रीझर आहेत, पण पिशवी कितीही घट्ट केली तरी वास लागण्याची भीती होती. शेवटी आइस्क्रीमच्या घाऊक विक्रेत्याने हंगाम थंड असल्याने एक आडवा फ्रीझर दिला. भाडं घेतलं नाही; विजेचे म्हणून वाचनालयाने ६०० रुपये दिले. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतला थंड कागद आणि बाहेरची दमट हवा भेटली की पानावर दव धरतं. पूर्ण एक दिवस बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं.

६ डिसेंबर

तारखा लावण्याचं काम. गोणींतल्या बऱ्याच अंकांचं पहिलं पान वरून फाटलेलं आहे, म्हणजे नाव आहे पण तारीख नाही. इथे उपयोगी पडलेल्या खुणा लिहून ठेवते.

किंमत पाहायची. आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा अंक. 'नवे पैसे' असेल तर त्या तारखेनंतरचा आणि १९६४ च्या जूनच्या आधीचा, कारण तेव्हा 'नवे' हा शब्द नाण्यावरून गेला. नुसते पैसे असतील तर त्यानंतरचा. शेजारच्या जिल्ह्याच्या बातमीत 'कुलाबा' आहे की 'रायगड' हेही पाहायचं. १ जानेवारी १९८१ ला नाव बदललं. शके दिला असेल तर त्यात ७८ मिळवायचे, पण पौष-माघ-फाल्गुनात जानेवारी उजाडला असेल तर ७९.

सगळ्यांत जास्त वेळ एका चिंध्या झालेल्या पानावर गेला. तारीख नाही, शक नाही, फक्त 'अधिक श्रावण शुद्ध' एवढं वाचता येतं. अधिक श्रावण काही वर्षांच्या अंतराने परत येतच असतो, त्यामुळे तेवढ्यावर वर्ष ठरत नाही. पान उलटलं तर मागे 'रामदास' बोटीवरच्या बेपत्ता माणसांची नावं. रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना १७ जुलै १९४७ ला बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. तो आषाढाचा शेवट होता आणि लगेच अधिक श्रावण लागला. १५ ऑगस्टही त्याच अधिक महिन्यात, वद्य चतुर्दशीला आला. म्हणजे हा अंक त्या बुडण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या मधला. एकाच महिन्यात या पत्राने नावांची यादी छापली आणि तिरंगाही छापला. त्या यादीतली पुसट नावं भिंगाने वाचून आम्ही वेगळी उतरवून घेतली आहेत. त्यांतली आडनावं अजून आमच्या वाड्यांत आहेत.

१७ डिसेंबर

फोटोंची व्यवस्था. आधी मोबाइलने काढून पाहिले. पडद्यावर छान दिसतात, पण मोठं केलं की मोबाइल स्वतःच अक्षरं गुळगुळीत करतो. 'घ' आणि 'ध' सारखे दिसू लागतात. कोपरेही पुसट. मोबाइल रद्द.

गावातल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुलाकडे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. हिशोब असा: आमचं पान १५ इंच बाय २० इंच, म्हणजे डबल क्राउन कागदाची एक घडी. कॅमेऱ्याची लांब बाजू ६००० ठिपक्यांची, आखूड ४००० ची. पान आखूड बाजूला अडतं: १५ इंचांत ४०००, म्हणजे इंचाला सुमारे २६६. बारीक टाइप वाचायला हे पुरतं. तुमचं पान याहून मोठं असेल तर अर्धं-अर्धं पान काढा.

फॅब्रिकेशनवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा उभा स्टँड करून घेतला: ३८०० रुपये. पान सपाट दाबायला ५ मिलीमीटरची काच, कडा घासून: ९०० रुपये. दोन एलईडी दिवे: २४०० रुपये. दिवे वरून लावले तर काचेत कॅमेराच दिसतो. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवले, खोलीची खिडकी काळ्या कापडाने झाकली, तेव्हा चमक गेली. पातळ कागदातून मागचा मजकूर दिसत होता. पानाखाली काळा कागद सरकवल्यावर तो बराच दबला. एवढ्याशा काळ्या कागदाने पुढचं वाचन सोपं केलं.

फायलींची शिलाई उसवायची नाही असं ठरवलं. शिवणीजवळची अक्षरं आत जातात म्हणून फाइल पूर्ण न उघडता फोमच्या तिरक्या तुकड्यांवर टेकवायची, आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी.

अडचण वेगळीच आली. कॅमेरा ज्याचा, त्याची लग्नसराई चालू. मुहूर्त असला की कॅमेरा नाही. पौष लागला की मुहूर्त थांबतील आणि कॅमेरा सलग मिळेल. तुम्ही करणार असाल तर कॅमेरा मागण्याआधी पंचांग बघा.

६ जानेवारी २०२५

पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं, एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी. बाळशास्त्री देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. वाचनालयात कार्यक्रम होता, तिथे साफ केलेल्या काही फायली मांडल्या आणि लोकांना आपल्याकडचे अंक आणायला सांगितलं.

अंक थोडे आले, आठवणी पुष्कळ आल्या. त्या वहीत टिपून घेतल्या. जवळपास प्रत्येकाने एकच वाक्य सांगितलं: "संपादक गेले आणि पत्र बंद पडलं." हे वाक्य वहीत लिहून पुढे कंसात 'पडताळायचं' असं लिहिलं.

२१ जानेवारी

आज संपादक गेल्याचा अंक फोटोसाठी काचेखाली आला. पहिल्या पानावर जाड काळी चौकट, आत त्यांच्या फोटोचा ब्लॉक. त्यानंतर फाइल संपायला हवी होती. संपली नाही. पुढच्या आठवड्याचा अंक आहे. त्याच्या पुढचाही. पुढे फायलीच्या फायली आहेत.

मग प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाची ओळ वाचायला घेतली, 'हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून तेथेच प्रसिद्ध केले' ती. काळ्या चौकटीनंतर थोड्याच अंकांनी त्या ओळीतलं नाव बदललं आहे. तिथे संपादकांच्या पत्नीचं नाव आहे.

खात्री करायला मार्चचे अंक काढले. वर्तमानपत्रांच्या नोंदणीच्या १९५६ च्या नियमांप्रमाणे दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म ४' छापावा लागे: प्रकाशनाचं ठिकाण, किती दिवसांनी निघतं, मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक, प्रत्येकाचं नाव, राष्ट्रीयत्व आणि पत्ता. वाचक हा चौकोन ओलांडून पुढे जातात. इतिहास लिहिणाऱ्याने आधी तोच वाचावा. आमच्याकडच्या प्रत्येक पुढच्या मार्चमध्ये मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक या चारही रकान्यांत त्या बाईंचंच नाव आहे.

हे नुसतं नाव लावणं नव्हे. छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या १८६७ च्या कायद्याप्रमाणे मुद्रक-प्रकाशक बदलला की मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन नवं प्रतिज्ञापन करावं लागे. छापलेल्या प्रत्येक ओळीची कायदेशीर जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली होती. आणि गावातल्या एकाही आठवणीत त्या नाहीत. कार्यक्रमात झालेल्या भाषणांतही नव्हत्या. मला याचा फार राग आला आहे, आणि तो या नोंदीत राहू देते.

संध्याकाळी सूनबाईंना विचारलं. म्हणाल्या, "सासूबाई रात्री जेवणं झाली की प्रूफं वाचायच्या. पण ते आम्हाला घरकामातलंच वाटायचं."

१० फेब्रुवारी

फोटोंतून संगणकाने मजकूर वाचावा म्हणून टेसरॅक्ट हे फुकटचं सॉफ्टवेअर मराठीसाठी लावलं. अलीकडच्या अंकांवर कामचलाऊ, जुन्यांवर निरुपयोगी. कारणं दोन. खिळे झिजलेले, त्यामुळे वेलांटी आणि मात्रा अर्ध्याच उठल्या आहेत. आणि जुनं लेखन: 'नाहीं', 'कांहीं', 'केलें', 'गांव'. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे अनुस्वार गेले, पण आमच्या छापखान्यात ते त्यानंतरही बरीच वर्षं टिकले. काही अंकांत 'अितर', 'अुत्सव' अशी 'अ'ची बाराखडीही आहे. तिथे तर सॉफ्टवेअर शब्दच तोडतं.

बराच वेळ सेटिंग बदलण्यात गेला, फायदा झाला नाही. मग पूर्ण मजकुराचा नाद सोडला. बारावीच्या परीक्षेतून मोकळ्या व्हायच्या असलेल्या दोन मुलींना आणि एका निवृत्त शिक्षिकेला घेऊन हाताने सूची करायची असं ठरलं. एका बातमीला एक ओळ: तारीख, पान, मथळा जसा छापला तसा, शेजारच्या रकान्यात आजच्या लेखनात, माणसांची नावं, गाव, वाडी. शोधताना दुसरा रकाना वापरायचा, उतारा देताना पहिला.

जाहिराती आणि कोर्टाच्या नोटिसा वगळू नका. सुरुवातीला त्या सोडायच्या असं कुणीतरी सुचवलं होतं. पण पत्र जगत होतं ते त्यांवरच. आगबोटीची वेळापत्रकं, पावसाळ्यात बोटी बंद झाल्याच्या सूचना, आंब्याच्या पेट्यांचे दलाल, खटल्यांच्या नोटिसा: कुठल्या वर्षी कुठला आधार सुटला हे तिथेच कळतं. अग्रलेखात ते कुणी लिहीत नाही.

२० मार्च

शिमग्यासाठी चाकरमानी आले होते, म्हणून काम थांबवलं आणि पालखीबरोबर घरोघर फिरताना परवानगीचे कागद नेले. मुंबईतल्या दोन नातवंडांनी सह्या केल्या. एक परदेशी असतात, त्यांची बाकी.

हक्कांबद्दल आमचं ठरलं ते असं: ज्यावर लेखकाचं नाव नाही असा मजकूर छापल्यानंतर ६० वर्षांनी मोकळा होतो. म्हणजे या वर्षी, २०२५ मध्ये, १९६४ पर्यंतचा. सही असलेला लेख मात्र लेखक गेल्यावर ६० वर्षांनी. त्यामुळे खुल्या संग्रहात आधी १९६४ पर्यंतचे निनावी मजकुराचे अंक जातील. बाकीचे वाचनालयात येऊन बघायचे.

आणि शिमग्यातच मोठी गोष्ट हाती आली. सूनबाईंनी देवघराच्या फडताळातून एक लांबट वही काढून दिली: वर्गणीदारांची नोंदवही. तिच्यातले बहुतेक पत्ते गावातले नाहीत. लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड, शिवडी. पुष्कळ ठिकाणी माणसाच्या नावाऐवजी आमच्याच एखाद्या वाडीचं नाव आणि पुढे 'गावकऱ्यांची खोली'. अशा खोल्यांत एका गावची पंचवीस-तीस गिरणी कामगार माणसं पाळीपाळीने राहत. एकच अंक साऱ्या खोलीत वाचला जाई.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वहीत त्यानंतरच्या पानांवर लाल पेन्सिलीच्या रेघा वाढत जातात. 'परत', 'खोली बंद', 'गावी आले'. 'गावी आले' हा शेरा त्या बाईंच्या अक्षरात आहे. प्रूफांवरच्या खुणांशी ताडून पाहिलं. माणूस गावी परतला म्हणजे त्याची मनीऑर्डर थांबली, आणि जिथे मनीऑर्डर थांबली तिथे वर्गणी कुठून येणार. एक रेघ म्हणजे कधी एक वर्गणीदार, कधी अख्खी खोली.

तेव्हा 'संपादक गेले आणि पत्र बंद पडलं' याच्या पुढे आता लिहिलं आहे: नाही. संपादक गेल्यावर ते त्यांच्या पत्नीने चालवलं आणि गिरणगावातला वाचक तुटल्यावर थांबलं.

१४ एप्रिल

छापखान्यात शेवटपर्यंत खिळे जुळवणारे कंपोझिटर काका शेजारच्या गावात राहतात. ऐकायला कमी येतं, त्यामुळे प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून नेले. ती युक्ती चालली. बोलणं त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित केलं.

काही गोष्टी फायलींतून कधीच कळल्या नसत्या. शेवटच्या काळात नवे खिळे मागवायला पैसे नव्हते. खिळ्यांच्या पेटीतल्या, म्हणजे केसमधल्या, 'ळ'च्या घरात खिळे संपले की काका आत हाक मारायचे आणि बाई वाक्य बदलून द्यायच्या. 'सगळे' ऐवजी 'सर्व', 'वेळ' ऐवजी 'समय'. घरी येऊन शेवटची फाइल पाहिली. खरंच, एकाच पानावर वरच्या भागात 'सगळे' आणि खाली सारं 'सर्व'. सूचीत यासाठी वेगळा शेरा ठेवला आहे.

"वहिनींनी एकदाही पगार चुकवला नाही," काका म्हणाले. "छपाईचं ट्रेडल यंत्र विकलं तेव्हा आधी माझे पैसे दिले, मग कागदवाल्याचे." छापखान्यातले सगळेच त्यांना वहिनी म्हणत. आमच्या मसुद्यात त्यांचं पूर्ण नाव आणि 'संपादक' हेच पद असेल.

२५ मे

पाऊस लवकर आला. आज मान्सून देवगडात पोचल्याचं जाहीर झालं, इथे तर त्याच्या आधीपासूनच धो-धो. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्याचा हिशोब धरला होता. खोलीतला आर्द्रतामापक (५५० रुपये) ८८ दाखवत होता. कागदाला ५०-५५ बरं. अजून उघड्यावर असलेल्या फायली रात्रीत प्लास्टिकच्या रबरी झाकणाच्या पेट्यांत भरल्या, प्रत्येकीत सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या. जेल तव्यावर गरम करून परत वापरता येतं. नारिंगी दाणे हिरवे पडले की बदलायचं. पेट्या आणि जेल मिळून ५२०० रुपये, जे मार्चमध्येच घ्यायला हवं. दोन फायलींवर बुरशीचे ठिपके आले. त्या वेगळ्या केल्या, मऊ ब्रशने बाहेरच्या पडवीत झटकल्या, तोंडाला मास्क लावून.

विटा झालेल्या गठ्ठ्याला या पावसात हात लावायचा नाही. त्यातली थोडी पानं कदाचित कायमची गेली.

२२ जून

सद्यस्थिती. शिवलेल्या सर्व फायलींचे फोटो झाले. नावं वर्ष-महिना-दिवस-पान या क्रमाने दिली आहेत, म्हणजे संगणक आपोआप लावतो. तीन प्रती: वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर, संपादकांच्या घरी, आणि पुण्यात राहणाऱ्या एका सभासदाकडे, म्हणजे एका वादळात तिन्ही जाणार नाहीत. हाताने सूची निम्म्याच्या थोडी पुढे आली आहे.

नसलेल्या अंकांची यादी केली. ग्रंथालयांना प्रती देण्याच्या कायद्यात १९५६ ला झालेल्या दुरुस्तीनंतर प्रत्येक अंकाची प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांकडे पाठवणं प्रकाशकावर बंधनकारक होतं. म्हणून यादी आधी मुंबईला टाउन हॉलमधल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवली आहे. त्या बाईंच्या प्रतिज्ञापनाची नक्कल जिल्ह्याच्या अभिलेखात मिळावी म्हणून वेगळा अर्ज दिला आहे.

पाऊस संपेपर्यंत फायली उघडायच्या नाहीत. तोवर सूची आणि ध्वनिमुद्रणाचं लेखन. आमच्या भागातल्या कुणाकडे घरात मार्च महिन्याचे सुटे अंक निघाले, तर फॉर्म ४ असलेल्या पानाचा सपाट फोटो काढून वाचनालयात द्यावा. फाटलेला भाग सेलोटेपने चिकटवू नये. तिचा गोंद कागदात मुरतो आणि काही वर्षांनी तिथलीच अक्षरं तपकिरी होऊन जातात.